आचार्यांची सत्ता आणि शिष्येचा होकार

उज्जयिनीत राहून नृत्याविषयी बोलावयाचे, तर प्रथम कालिदासाची आठवण व्हावी हे साहजिकच आहे. महाकालाच्या सायंपूजेच्या वेळी नाचता नाचता चवऱ्या ढाळून थकलेल्या स्त्रियांचे हात त्याने 'मेघदूता'त दाखविले आहेत. १९५८ सालापासून ह्या नगरीत त्याच्या नावाने समारोहही भरू लागला. आज त्याच्याच 'मालविकाग्निमित्र' नाटकातील एका प्रसंगापासून आरंभ करून मी आपणांस दूरच्या अर्जेंटिनातील नृत्यसभेत नेणार आहे. दोन्ही ठिकाणी माझा प्रश्न एकच आहे: जिने नाचावयाचे, तिला कोणी विचारतो काय?

विदिशेच्या अग्निमित्र राजाकडे गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. एक म्हणतो, समोरचा माझ्या पायधुळीच्याही योग्यतेचा नाही. दुसरा म्हणतो, आम्हां दोघांत समुद्र आणि डबके ह्यांच्याइतके अंतर आहे. भांडण राजापुढे येते आणि परिव्राजिका कौशिकी हिला पंच नेमले जाते. कोणी स्वतः उत्तम करून दाखवितो, कोणाला दुसऱ्यास शिकविणे साधते. ज्याच्या ठायी दोन्ही गुण असतील तो शिक्षकांत श्रेष्ठ, असा तिचा अभिप्राय. म्हणून परीक्षा व्हावयाची ती शिष्यांची. शिक्षकाची कसोटी त्याच्या शिष्यात पाहावी, हा विचार आजही कोणत्याही नृत्यशाळेच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे.

परंतु ह्या शहाणपणाच्या आड एक कारस्थान आहे. हे भांडण विदूषकाने लावून दिलेले असते. राजाने मालविकेला केवळ चित्रात पाहिले आहे. तिला प्रत्यक्ष पाहता यावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप! धारिणी राणीच्या ते ध्यानात येते. राज्यकारभारातही इतकी हुशारी दाखविली असती तर बरे झाले असते, असा टोला ती राजाला देते आणि गणदासाला परोपरीने आवरू पाहते. गणदास मात्र अभिमानाला पेटलेला. अखेर ती म्हणते की, शिष्यावर आचार्यांची सत्ता चालते.

श्रोतेहो, हे वाक्य ऐकून मी नेहमी थबकतो. राणी बोलली, राजा बोलला, दोन्ही आचार्य बोलले, परिव्राजिका बोलली. ज्या विदर्भकन्येने रंगावर उभे राहावयाचे, तिचे मत मात्र कोणी घेतले नाही. पुढे तिच्या गाण्यातून तिचेही मन राजाकडे ओढ घेत असल्याचे उमगते, हे खरे. पण होकार नंतर निघाला, म्हणून आधी न विचारण्याचा दोष पुसला जात नाही. मालविका शिकविणाऱ्यालाच उलट शिकवील इतकी चतुर आहे, असे कौतुक करणारा गणदास दुष्ट नव्हे. अभिमानाच्या भरात त्याला एवढेच दिसले नाही की, शिष्या ही आपल्या कीर्तीची पताका नव्हे.

आता अर्जेंटिनाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनोस आइरेस व मोंतेविदेओ ह्या बंदरांच्या गरीब वस्त्यांतून टँगो हे जोडीचे नृत्य उदयास आले. २००९ साली युनेस्कोने त्याची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. दोन माणसांनी एकमेकांना आलिंगून नाचावयाचे, हे ऐकताच आपल्याकडील पुष्कळांच्या भुवया वर चढतील. पण इतकी जवळीक असल्यामुळेच त्या लोकांनी मर्यादेचे नियम बारकाईने घालून दिले आहेत.

त्यांच्या नृत्यसभेला मिलोंगा म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणे तेथे कोणी उठून हात पुढे करीत नाही. दुरूनच नजरेने विचारावयाचे. समोरच्या व्यक्तीने नजर मिळवून मान हलविली तर होकार, नजर दुसरीकडे वळविली तर नकार. नकार देणारीला सबब शोधावी लागत नाही आणि विचारणाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा होत नाही. बहुधा तीन-चार गाण्यांचा एक फेरा असतो. तो संपला की मधल्या वेगळ्या संगीताच्या तुकड्याबरोबर जोड्या सुटतात आणि प्रत्येक जण पुन्हा मोकळा होतो. सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. दुसऱ्याला धक्का न लागू देणे हेही कौशल्यच गणले जाते.

ह्या नाचात एक पुढाकार घेतो व दुसरा अनुसरतो. पण पुढाकार म्हणजे हुकूम नव्हे. ती सूचना असते, आणि समोरून उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. पूर्वी पुरुष सरावासाठी पुरुषांबरोबर नाचून दोन्ही बाजू शिकत. आज स्त्रियाही पुढाकार घेताना दिसतात. आपल्या मराठी घरांतल्या बायकांना हे तत्त्व नवे नाही. मंगळागौरीच्या फुगडीत दोघी हात गुंफून मागे झुकतात, त्या एकमेकींच्या भरवशावर. एकीने ओढाताण केली की दोघींचाही तोल जातो.

शिक्षकासाठी तेथे एक संकेत आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. नाचता नाचता जोडीदाराच्या चुका काढणे सभेत असभ्य मानतात. शिकविणे वर्गात, आणि तेही शिकणाऱ्याने मागितले तर. उत्तम नर्तकानेही सभेत इतरांसारखाच एक पाहुणा होऊन वागावे, अशी अपेक्षा असते.

आज आपल्या नगरांतून नृत्यवर्ग पुष्कळ निघाले आहेत. मुलामुलींना तेथे पाठविताना आईबाप फी विचारतात, परीक्षेचा निकाल विचारतात. आणखी दोन गोष्टी विचारा, अशी माझी विनंती आहे. हातापायाची ठेवण सुधारताना गुरुजी आधी सांगून, विचारून हात लावतात काय? आणि एखादी मुलगी 'आज मी रंगावर उभी राहणार नाही' म्हणाली, तर तिला ते निर्भयपणे म्हणता येते काय?

गुरूविषयीचा आदर ह्याने कमी होणार नाही. जिला 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे, तिच्याच 'हो'ला किंमत असते. आणि अशा होकारातून जे नृत्य उभे राहते, त्यात आचार्यांची खरी कीर्ती आहे. शिष्यावर आचार्यांची सत्ता चालते, असे धारिणी म्हणाली. चालत असेल, पण ती कोठे थांबवावी हे ज्याला कळले, तोच आचार्य.