बेडकाची त्वचा : परिसर अभ्यासातील एक पाठ

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाच्या सरी पडून भातखाचरांत पाणी साचले की डहाणू व तलासरी तालुक्यांतील प्रत्येक गावात बेडकांचे ओरडणे सुरू होते. मोठ्या शेतबेडकाचे नर त्या दिवसांत पिवळेधमक दिसतात आणि ओरडताना त्यांच्या गळ्यापाशी निळ्या रंगाचे दोन फुगे फुगतात. शाळेत येणाऱ्या बहुतेक बालकांनी हे दृश्य पाहिलेले असते. किंबहुना शिक्षकापेक्षा त्यांनीच ते अधिक जवळून पाहिलेले असते. असे असूनही पुस्तकातील बेडूक आणि बांधावरील बेडूक यांची गाठ वर्गात क्वचितच पडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी याच डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे कार्य उभारले, त्यात गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालविल्या. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा त्यामागील विचार. विज्ञानाच्या पाठालाही तोच न्याय लावला पाहिजे. त्या दृष्टीने बेडकाच्या त्वचेचा विषय प्रस्तुत भाषणासाठी निवडला आहे.

पाठाची सुरुवात एका सोप्या प्रयोगाने करता येते. भाकरीचे दोन तुकडे घ्यावेत. एक कडकडीत वाळवावा, दुसऱ्यावर पाणी शिंपडावे, आणि दोन्ही वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत झाकून ठेवावेत. काही दिवसांत ओल्या तुकड्यावर बुरशी चढते. वाळलेला तुकडा बहुधा तसाच राहतो. जेथे ओल तेथे बुरशी व जंतू, हा नियम मुले स्वतःच सांगतील. नेमका त्याच वेळी शिक्षकाने प्रश्न टाकावा : बेडूक तर सदैव ओला असतो, गढूळ पाण्यात व चिखलात राहतो, मग त्याच्या अंगावर बुरशी का चढत नाही? आवणीच्या दिवसांत आठवडाभर चिखलात वावरणाऱ्या माणसाच्या पायांना चिखल्या होतात, मग बेडकाच्या पायांना का होऊ नयेत?

बेडकाने त्वचा कोरडी ठेवावी, तर तेही शक्य नाही. माणसाच्या त्वचेवर मृत पेशींचा एक शुष्क व चिवट थर असतो, आणि तो भिंतीसारखा जंतूंना बाहेर रोखतो. बेडकाची त्वचा पातळ व ओलसर असते, कारण ती त्याला दुहेरी उपयोगाची आहे. फुप्फुसांच्या जोडीने तो त्वचेवाटेही श्वास घेतो, आणि पाणी तोंडाने न पिता त्वचेवाटेच शोषून घेतो. ज्या दारातून हवा व पाणी आत यावयाचे ते दार बंद करून चालत नाही. दार उघडे ठेवावयाचे म्हणजे दारावर पहारा हवा. हा पहारा कोणता, याचा शोध अलीकडच्या काळात लागला.

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ हे संशोधक आफ्रिकेतील नखवाल्या बेडकांवर काम करीत होते. अंडी मिळविण्यासाठी बेडकाच्या पोटावर लहानशी शस्त्रक्रिया करावयाची, टाके घालावयाचे आणि त्यास पुन्हा टाकीत सोडावयाचे, असा क्रम असे. टाकीतील पाणी निर्जंतुक नव्हते. तरीही जखमा पिकत नसत, त्या स्वच्छ भरून येत. ही गोष्ट अनेकांच्या नजरेखालून गेली असेल. झॅस्लॉफ यांनी मात्र तिचे कारण शोधले. बेडकाच्या त्वचेतून त्यांनी जंतुनाशक द्रव्ये वेगळी काढली व १९८७ साली तो शोध प्रसिद्ध केला. त्या द्रव्यांना त्यांनी ‘मॅगेनिन’ असे नाव दिले. हिब्रू भाषेतील ढाल या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले आहे. युरोपातील एका भेकाच्या त्वचेतून असेच एक द्रव्य १९७० सालीच मिळालेले होते. परंतु या विषयाकडे जगाचे लक्ष वळले ते मॅगेनिनमुळे.

ही द्रव्ये ‘पेप्टाइड’ या वर्गात मोडतात. डाळीत किंवा अंड्यात असणारी प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा होत. पेप्टाइड म्हणजे तशाच मण्यांची आखूड माळ. मॅगेनिनमध्ये अवघे २३ मणी आहेत. बेडकाच्या त्वचेत दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एकीतून बुळबुळीत श्लेष्मा पाझरतो व त्वचा ओली राहते. दुसरीत ही पेप्टाइडे साठविलेली असतात. बेडूक घाबरला किंवा त्यास इजा झाली की दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी आकुंचन पावतात आणि साठा त्वचेवर पसरतो.

पुढील क्रिया मुलांना विजेच्या भाराच्या साह्याने समजावून देता येईल. जंतूच्या पेशीवरील पातळ पडद्याच्या बाहेरील बाजूस ऋणभार अधिक असतो, आणि या पेप्टाइडांवर धनभार असतो. विरुद्ध भार परस्परांना ओढतात, म्हणून पेप्टाइड जंतूला जाऊन चिकटते, त्याच्या पडद्यात घुसते व तो पडदा फोडते. पाण्याच्या पखालीला भोके पडावीत तशी जंतूची गत होते. प्राण्याच्या स्वतःच्या पेशींचा बाहेरील पडदा बहुतांशी भाररहित असल्यामुळे त्यास तुलनेने कमी धोका पोहोचतो.

हे केवळ परदेशातील बेडकांपुरते खरे आहे, असा समज होऊ नये. आपल्या खाचरांत ओरडणारा मोठा शेतबेडूक, ज्यास इंग्रजीत इंडियन बुलफ्रॉग म्हणतात, त्याच्याच त्वचेतील चार पेप्टाइडांचा शोध हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी लावला व तो २००१ साली प्रसिद्ध केला. बेडकाच्या शास्त्रीय नावावरून त्यांना ‘टायगेरिनिन’ म्हणतात. अवघ्या ११ किंवा १२ मण्यांच्या या माळा जंतुनाशक पेप्टाइडांमध्ये अत्यंत आखूड गणल्या जातात. पश्चिम घाटाच्या परिसरातील आणखी एका बेडकास पुण्याचे आनंद पाध्ये व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली स्वतंत्र जाती म्हणून ओळखून ‘बहुविस्तारा’ हे संस्कृत नाव दिले. त्याच्या त्वचेतील एक पेप्टाइड इन्फ्लुएंझाच्या काही विषाणूंचा नाश करते, असे केरळमधील व अमेरिकेतील संशोधकांना २०१७ साली आढळले. केरळच्या उरुमी या लवचिक तलवारीवरून त्यास ‘उरुमिन’ हे नाव मिळाले. तेथेही पारख करावी लागली : विषाणूंवर चाललेल्या चार पेप्टाइडांपैकी तीन माणसाच्या रक्तपेशींनाही घातक ठरली, एक उरुमिन तेवढे निर्धोक निघाले.

या शेवटच्या गोष्टीवर शिक्षकाने विशेष भर द्यावा. बेडकाच्या अंगात औषधी द्रव्य आहे, एवढे अर्धे वाक्य ऐकून कोणी बेडूक जखमेवर घासला, तर तो अनर्थ होईल. बेडकाच्या त्वचेवर माणसास अपायकारक जंतूही असू शकतात, आणि भेकाच्या डोळ्यांमागील ग्रंथींतून विषारी स्राव येतो. शोधापासून औषधापर्यंतचा रस्ता फार लांब आहे. मॅगेनिनवरून तयार केलेले ‘पेक्सिगॅनन’ हे मलम मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांसाठी पुष्कळ तपासले गेले. तथापि १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने त्यास मान्यता नाकारली. मुलाच्या पायाला जखम झाली वा चिखल्या झाल्या, तर पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, हेच शाळेने सांगावयाचे आहे.

तेथे मिळालेल्या गोळ्यांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. ताप उतरला की गोळ्या बंद करावयाच्या व उरलेल्या पुढच्या आजारपणासाठी कुडाच्या भिंतीत खोचून ठेवावयाच्या, ही सवय पुष्कळ घरांत दिसते. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल भाषणातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. आज असे सरावलेले जंतू जगभर पसरले आहेत, आणि नव्या औषधांच्या शोधात शास्त्रज्ञ बेडकाच्या त्वचेपर्यंत जाऊन पोहोचले आहेत, ते याच कारणाने.

बेडकाची ढालही अभेद्य नाही. त्वचेवर वाढणाऱ्या एका बुरशीमुळे जगातील ५०० हून अधिक उभयचर जातींची संख्या घटली आणि ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात, असा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झाला. ही बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे. त्याखेरीज शेतावर फवारलेले विष बेडकाच्या पातळ त्वचेतून सहज आत शिरते. एके काळी बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा व्यापार भारतात जोरात होता. १९८७ साली त्यावर बंदी घालण्यात आली. पिकावरील किडे फुकट वेचणारा हा शेतगडी दगडाने मारला जाऊ नये, एवढा तरी संस्कार शाळेने दिलाच पाहिजे.

वर्गासाठी पुढील सूचना उपयुक्त ठरतील :

१. बेडूक पकडून वर्गात आणू नये. मुलांना बांधावर न्यावे व चार हातांवरून निरीक्षण करवावे. खोल पाण्याजवळ नेऊ नये.

२. मुलांना बेडकाची वेगवेगळी नावे विचारावीत. वारली अथवा अन्य घरबोलीतील नाव आधी फळ्यावर लिहावे, प्रमाण मराठीतील नाव त्याच्या शेजारी लिहावे.

३. भाकरीच्या प्रयोगातील बरणी बुरशी आल्यावर उघडू देऊ नये. निरीक्षण बाहेरूनच करावे.

४. बेडकाला हात लागलाच तर साबणाने हात धुण्याचा परिपाठ ठेवावा. बेडकास स्पर्श केल्याने चामखीळ येते, हा समज मात्र खोटा आहे, हेही सांगावे.

५. वरच्या वर्गांत माणसाच्या शरीरातील अशाच पहाऱ्याचा उल्लेख करावा. अश्रूंत जंतुनाशक द्रव्य असते, हे फ्लेमिंग यांनीच १९२२ साली दाखविले; आणि घामातही एक जंतुनाशक पेप्टाइड असते, हे २००१ साली कळले.

पाठाच्या शेवटी मुलांच्या पदरी मॅगेनिन वा टायगेरिनिन ही नावे राहिली नाहीत तरी चालेल. ओल्या भाकरीला बुरशी आली, ओल्या बेडकाला का आली नाही, असा प्रश्न एखाद्या मुलाने घरी जाऊन आईबापांस विचारला, तर पाठ सफल झाला असे समजावे. झॅस्लॉफ यांच्यापाशीही आरंभी तसाच एक प्रश्न होता. तो प्रश्न विचारण्याची पात्रता तलासरीच्या पाड्यावरील बालकात तितकीच आहे. शिक्षकाने त्यास विचारावयास अवसर द्यावा, एवढीच अपेक्षा.