जन्मनोंदी, मृत्युपत्रं आणि एक न लिहिलेली ओळ



त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय आपलं गाव-आडनाव विचारतात, जुनी वही उघडतात आणि पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. अशाच काही वह्या आपण राहतो त्या न्यू जर्सीतही आहेत. इंग्रजांच्या काळात इथे येऊन वसलेल्या क्वेकर लोकांच्या. त्यांतून एखादं घराणं कसं शोधतात, हे आज पाहू.

क्वेकर हा ख्रिस्ती पंथ, पण त्यांच्यात बाप्तिस्मा नाही. त्यामुळे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची मुलं सापडत नाहीत. त्यांची मासिक सभा भरे, आणि जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी ती सभाच ठेवी. अशा पुष्कळ वह्या आज फिलाडेल्फियाजवळच्या हॅव्हरफर्ड आणि स्वार्थमोर या कॉलेजांत जपलेल्या आहेत.

उदाहरण घेऊ बर्लिंग्टन काउंटीतल्या वूलमन घराण्याचं. जॉन वूलमन जन्मला १७२० सालच्या आठव्या महिन्याच्या १९ तारखेला. आठवा महिना म्हणजे ऑगस्ट, असं आपण पटकन म्हणू. पण तो ऑक्टोबर! महिन्यांची काही नावं रोमन देवांवरून आलेली, म्हणून क्वेकर महिन्यांना फक्त आकडे देत. आणि १७५२ पूर्वी इंग्रजी अंमलात नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून पहिला महिना मार्च. चैत्रापासून वर्ष मोजणाऱ्या आपल्याला हे समजायला जड नाही. पण हे ठाऊक नसेल तर वंशावळीतली तारीख दोन महिन्यांनी चुकते.

दुसरी अडचण नावांची. जॉनच्या आजोबांचं नावही जॉन. आजी एलिझाबेथ, आई एलिझाबेथ, थोरली बहीण एलिझाबेथ! कोणती कोण, हे ठरवायला मृत्युपत्राची मदत होते. अमकी माझी पत्नी, तमकी माझी लेक, असं नातं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. लग्न होऊन लेकीचं आडनाव बदललं, तरी वडिलांच्या मृत्युपत्रात ती पुन्हा भेटते. उलट, तान्हेपणी गेलेलं मूल मृत्युपत्रात नसतं. जॉनचा मुलगा विल्यम १७५४ मध्ये जन्मला आणि काही महिन्यांतच गेला. अशा बाळाचा शोध घ्यायचा तर जन्म-मृत्यूच्या वहीकडेच वळावं लागतं. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे.

मृत्युपत्राबरोबर बहुधा मालमत्तेची यादीही असते. शेजारी येऊन घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत लिहीत. पलंग, भांडी, गाई, घोडे. आणि काही घरांच्या यादीत त्याच रांगेत माणसंही. नुसतं पहिलं नाव आणि पुढे किंमत. होय, क्वेकरांच्या घरांतही गुलाम होते. घरच्या मुलांचा जन्म सभेच्या वहीत लिहिला जाई, त्याच घरातल्या गुलाम बाईच्या मुलाचा बहुधा नाही. आज त्या मुलाच्या वंशजांना आपलं मूळ शोधायचं असेल, तर मालकाच्या मृत्युपत्रातली एक ओळ हाच कधी कधी एकमेव धागा उरतो.

इथे जॉन वूलमन पुन्हा भेटतो. माउंट हॉलीला त्याचं दुकान होतं, शिवणकाम होतं, आणि लोकांना दस्तऐवज लिहून देण्याचं कामही तो करी.  तरुणपणी मालकाने सांगितलं म्हणून त्याने एका गुलाम स्त्रीचं विक्रीपत्र लिहून दिलं, आणि ती गोष्ट त्याच्या मनाला कायम लागून राहिली. पुढे एका जखमी शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहून मागितलं. आपल्याकडची तरुण गुलाम मुलगी कोणत्या अपत्याला द्यायची, हेही त्याने सांगितलं. वूलमनने सगळं लिहिलं, तेवढा भाग सोडून. मग शेजाऱ्याच्या बिछान्यापाशी बसून ते वाचून दाखवलं आणि नम्रपणे सांगितलं, की माणसाला गुलामीत ठेवणारा मजकूर माझ्या हातून लिहिला जाणार नाही. झालेल्या कामाचे पैसेही नकोत. दोघं त्यावर गंभीरपणे बोलले. शेवटी शेजारी तिला मुक्त करायला तयार झाला, आणि वूलमनने मृत्युपत्र पुरं केलं.

असा बदल व्हायला पंथाला वेळ लागला. गुलाम न सोडणाऱ्या सदस्यांना बाहेर काढायचं, असं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ मध्ये ठरवलं. वूलमन त्याआधी चार वर्षं इंग्लंडमध्ये देवीच्या रोगाने वारला होता. त्यानंतरची अनेक मुक्तिपत्रंही सभांच्या दप्तरात आहेत, तीही शोधणाऱ्यांच्या उपयोगी पडतात.

वसाहतकाळातली न्यू जर्सीची मृत्युपत्रं ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि त्यांचे सारांश छापलेले आहेत. मुलांना शाळेत स्थानिक इतिहासाचा प्रकल्प असेल, तर जरूर पाहा. मात्र सारांशावर थांबू नका, मूळ कागद शेवटपर्यंत वाचा. घरातल्या मंडळींची नावं लिहून झाली, की आणखी एक प्रश्न विचारा: या घरात राबत होतं, पण वहीत नाही, असं कोण होतं?

हाच प्रश्न आपल्या घरच्या वंशावळीलाही लागू पडतो. कितीतरी घराण्यांत मुलगे सात पिढ्यांचे, आणि लेकींचा पत्ता नाही. सुनांची माहेरची नावंही नाहीत. सांगणारी माणसं अजून आहेत. या रविवारी गावी फोन कराल, तेव्हा ती नावं विचारून लिहून ठेवा.