एका सुवर्णपात्राचे धनी

एकदा देवाला वाहिलेला दागिना पुढे कोणाच्या मालकीचा? आपल्याकडील देवस्थानांतून उठणारा हा प्रश्न युरोपातही उठलेला आहे. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील एका सोन्याच्या चषकाची कथा त्या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

हा चषक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा पॅरिस येथे घडविला गेला. त्याचे वजन दोन किलोंच्या आसपास. भरीव सोन्यावर बारीक कोरीव काम करून त्यावर पारदर्शक मिना चढविलेला आहे. त्यात चितारली आहे संत ॲग्नेसची कथा. एका अधिकाऱ्याच्या मुलाने पुढे केलेली रत्ने या रोमन कुमारिकेने नाकारली, ख्रिस्तावाचून अन्य कोणास वरणार नाही असे सांगितले, आणि मृत्यू पत्करला. रत्ने नाकारणाऱ्या मुलीचे हे चरित्र ज्यावर रेखाटले, ते पात्र मात्र पुढे पाच शतके रत्नासारखेच हातोहात फिरत राहिले!

१३९१ मध्ये ते फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याच्या खजिन्यात आढळते. त्याचा चुलता बेरीचा ड्यूक याने ते त्यास नजर केले होते. पुढे इंग्रजांनी फ्रान्सचा बराच भाग जिंकला, तेव्हा ते तेथील इंग्रज कारभारी बेडफर्डचा ड्यूक जॉन याजकडे आले आणि त्याच्यामागून इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेले. ट्यूडर राजांच्या काळात चषकाच्या दांड्यात एक नवे कडे बसविण्यात आले व त्यावर त्या घराण्याचे गुलाब उमटले.

१६०४ मध्ये इंग्लंड व स्पेन यांचे दीर्घ युद्ध तहाने मिटले. तेव्हा राजा जेम्स याने हा चषक स्पेनचा वकील हुआन दे वेलास्को यास भेट दिला. वेलास्कोने १६१० मध्ये तो मेदिना दे पोमार येथील संन्यासिनींच्या मठास अर्पण केला. त्यासाठी दांड्यात आणखी एक कडे घातले गेले. शांतीची आठवण म्हणून आपण हे पात्र ख्रिस्ताला वाहत आहोत, अशा अर्थाचा लॅटिन लेख त्यावर आहे. असा हा चषक धनी बदलेल तसा उंच होत गेला.

मठात तो पावणेतीनशे वर्षे राहिला. अखेर मठाला पैशाची निकड भासली आणि १८८३ मध्ये तो पॅरिसच्या बॅरन पिशाँ नावाच्या संग्राहकास विकला गेला. हे कळताच वेलास्कोच्या वंशजाने न्यायालयात धाव घेतली. १८९१ मध्ये दावा फेटाळला गेला. तेथून चषक लंडनच्या व्यापाऱ्याकडे आला, आणि १८९२ मध्ये सरकारी मदत व देणग्या मिळून जमलेल्या ८,००० पौंडांस तो संग्रहालयाने घेतला.

कोणाचा होता हा चषक? राजांनी त्यावर आपली खूण ठेवली, वकिलाने आपले नाव कोरले. आजवर ज्यांनी तो सर्वांत अधिक काळ सांभाळला, त्या संन्यासिनींची मात्र एकही खूण त्यावर नाही. आणि गरजेपायी तो विकण्याची पाळीही त्यांच्यावरच आली. देवाला दिलेले दान शेवटी माणसांनाच राखावे लागते. दात्याचे नाव कोरताना त्या राखणाऱ्यांच्या उदरनिर्वाहाचीही तरतूद व्हावी, एवढे हे पात्र आपणांस सांगून जाते.