स्वहस्ते घडविलेल्या प्रतिकृतींचा जमाखर्च



प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आपल्या शाळांतून पुठ्ठा, खळ आणि रंग यांची एकच धांदल उडते. प्रतिकृती तयार होते, तिचे कौतुक होते आणि पुढे ती कपाटावर धूळ खात पडते. बाजारात तयार साधने मिळत असता हा खटाटोप मुळापासून कशासाठी करावा, अशी शंका आपल्यापैकी अनेकांना येते. ती रास्त आहे. म्हणून आज या कामाचा जमाखर्च मांडून पाहू.

उदाहरण आपल्या वऱ्हाडचेच घेऊ. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा, मध्ये पूर्णेचे खोरे, हे मुले पाठ म्हणतात. आता अमरावती व अकोला जिल्ह्यांचा उठावाचा नकाशा मुलांकरवी करवून घ्या. १ सेंटिमीटरास २ किलोमीटर हे प्रमाण धरल्यास सुमारे एक मीटर लांबरुंद फळी पुरते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. त्याच प्रमाणाने तो फळीवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर भरतो. चढताना धाप लावणारा डोंगर एवढासाच कसा, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. मग उंचीसाठी निराळे प्रमाण घ्यावे लागते. १ सेंटिमीटरास २०० मीटर धरले, तर चिखलदऱ्याचा खिळा फळीच्या वर साडेपाच सेंटिमीटर, अमरावतीचा १.७ आणि अकोल्याचा १.४ सेंटिमीटर ठेवावा लागेल. उंची दहापट वाढविली, ही गोष्ट नकाशावर स्पष्ट लिहावी. विकतच्या नकाशातही उंची बहुधा अशीच वाढविलेली असते. पण ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

खिळ्यांच्या उंचीपर्यंत भर घालण्यास मुले प्रथम शेतातली काळी माती आणतील. आणू द्या. ती ओली असता फुगते व वाळताना आक्रसते. दोन दिवसांत नकाशाला भेगा पडतील. उन्हाळ्यात शेत का भेगाळते, याचे उत्तर तेथेच मिळेल. नंतर रद्दीचा लगदा खळ व मेथीची पूड कालवून पातळ थरांनी लावावा, आणि वाळल्यावर तेलरंगाचा हात द्यावा. शेवटी झारीने पाणी सोडावे. खोऱ्यातील पाणी पूर्णेवाटे पश्चिमेस तापीकडे, म्हणजे अरबी समुद्राच्या वाटेस लागेल. अमरावतीच्या पूर्वेच्या उंचवट्यापलीकडचे वर्धा नदीकडे, म्हणजे पुढे बंगालच्या उपसागराच्या वाटेस. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो, हे मुले डोळ्यांनी पाहतील. ही झाली जमेची बाजू.

आता खर्च. पैशाचा खर्च थोडा. खरा खर्च वेळेचा आहे. लगदा भिजण्यास तीन-चार दिवस लागतात, प्रत्येक थर वाळण्यास आणखी. द्विशिक्षकी शाळेत एक वर्ग लगद्यात गुंतला की दुसरे वर्ग मोकळे पडतात. हा वेळ वाचविण्यासाठी शिक्षक रात्री जागून स्वतःच प्रतिकृती पुरी करतात. तेव्हा खर्च सगळा होतो आणि जमा काहीच होत नाही. कारण मोजणे, चुकणे व पुन्हा करणे यांतच लाभ होता, आणि तो मुलांच्या वाट्याला आलाच नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी बालकांसाठी जे कार्य केले, त्यात महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया व पाने वापरली. साधन स्वस्त होते, पण त्यामागचा विचार स्वस्त नव्हता. काय शिकवावयाचे हे आधी ठरे, वस्तू नंतर येई.

म्हणून माझी विनंती अशी. वर्षात एकच मोठी प्रतिकृती घ्या. पृथ्वीचा गोल, तापमापक यांसारखी अचूकता हवी असलेली साधने विकतच आणा. मोजमाप मुलांनी करावे, आपण तपासावे. धाकट्या वर्गांना खिळे मोजण्याचे, कागद फाडण्याचे काम द्यावे, म्हणजे तेही मोकळे राहणार नाहीत. आणि वर्ष संपताच तो नकाशा निःसंकोच मोडून लगदा पुन्हा भिजत घाला. पुढच्या वर्षीच्या मुलांना तयार नकाशा मिळण्यापेक्षा तो घडविण्याची संधी मिळणे अधिक मोलाचे आहे.