कमिशनवरचा विक्रेता आणि त्याची नोकरी

तळेगांव दाभाड्याहून सकाळच्या लोकलनें निघून पिंपरी-चिंचवडच्या दुकानांतून ऑर्डरी मिळविणारा विक्रेता डोळ्यांपुढें आणावा. पगार ८,००० रुपये, कमिशन सरासरी २२,०००. एके दिवशीं ‘उद्यांपासून येऊं नका’ असा निरोप आला, तर त्याच्या पदरांत काय पडतें?

तो नोकर कीं दलाल, हें आधीं ठरावें लागतें. दलालासही १८७२ च्या कराराच्या कायद्यानें वाजवी नोटीस आहे. नोकराची कथा निराळी. औषधांचे विक्री-प्रतिनिधी कायद्याच्या अर्थानें ‘कामगार’ नव्हेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं सँडोझ कंपनीच्या खटल्यांत ठरविलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनें मात्र विक्रीवाढीच्या नोकरांस कामगारांत घेतलें. गैरवर्तनाचा ठपका नसतां काढल्यास, वर्षभर सलग नोकरी झालेल्याला महिन्याची नोटीस व दर पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन मिळतें.

खरी मेख ‘वेतन’ या शब्दांत आहे. त्यांत कमिशन धरीत नाहींत. परंतु वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनांत मिळवावा लागतो. म्हणून या विक्रेत्याची भरपाई ८,००० वर नव्हे, १५,००० वर मोजावयाची. हे ७,००० मालक आपण होऊन क्वचितच सांगतो!

ऑर्डर आली, पण माल गेला नाहीं, अशा कमिशनाचा निकाल बहुधा नेमणूकपत्रांतील शब्दांवर लागतो. तें पत्र आणि ऑर्डरींच्या नकला घरीं असलेल्या बऱ्या. कचेरीचें कपाट त्या दिवशीं उघडत नाहीं.