कॉन्व्हेंटच्या दारातील रांग



कॅथलिक शाळांच्या दारात प्रवेशासाठी उभ्या असणाऱ्या पालकांत ख्रिस्तीतरांचाच भरणा अधिक असतो. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील सुमारे 74 टक्के विद्यार्थी अल्पसंख्याकेतर समाजांतील आहेत. धर्मांतराची हाकाटी पिटणाऱ्यांनी हा आकडा शांतपणे वाचावा. पिढ्यान्‌पिढ्या ही मुले तेथे शिकली. तरी 2011 च्या जनगणनेत देशातील ख्रिस्ती लोकसंख्या 2.3 टक्केच भरली. पालक तेथे जातात ते इंग्रजीसाठी.

परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. इंग्रजी शाळा आज गल्लोगल्ली आहेत. विदर्भात तर कोणत्याही इंग्रजी बालवर्गाला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग तेथे औषधालाही सिस्टर नसो! मग खऱ्या कॉन्व्हेंटचीच ओढ का? जुन्या कॅथलिक शाळांपैकी अनेक अनुदानित आहेत. शिक्षकांचे वेतन सरकारी तिजोरीतून येते, जागा आणि इमारत संस्थेची पूर्वापार असते, नफा वाटून घेणारा मालक नसतो. साहजिकच नव्या विनाअनुदानित शाळांच्या मानाने फी कमी आणि शिक्षक टिकून राहणारे. कारकुनाच्या मिळकतीत बसणारी प्रतिष्ठा दुसरीकडे कोठे मिळणार? शिस्तीचे आणि मुलींच्या सुरक्षिततेचे आकर्षण आहेच.

चर्चला इंग्रजीचाच सोस आहे, असेही नव्हे. वसईत त्याने मराठी शाळा चालविल्या. गोव्यात 1990 साली प्राथमिक अनुदान मराठी-कोकणी माध्यमाशी जोडले गेले, तेव्हा चर्चच्या शाळांनी कोकणी स्वीकारली. 2011 साली त्याच शाळांना इंग्रजीसाठी अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यामागे पालकांचा रेटा होता.

खरी मेख पुढेच आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बलांसाठी 25 टक्के जागा ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. 2025 साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दुसऱ्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त केली. उपरोक्त अहवालात अल्पसंख्याक शाळांतील वंचित घटकांतील मुले सुमारे 9 टक्केच आढळली. घटनेच्या 30 व्या कलमाचे रक्षण समाजवाद्यांनी केलेच पाहिजे. पण त्या कवचाआड बहुसंख्य समाजातील मध्यमवर्ग आपली मुले गरिबांच्या मुलांपासून अलग ठेवीत असेल, तर तो हक्क नेमका कोणाच्या पदरी पडला?

कोठारी आयोगाने 1966 साली सुचविलेली समान शाळा कागदावरच राहिली. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आले; ते सहज बोलणारा शिक्षक मात्र नगरपालिकेच्या शाळेत क्वचितच आला. तो मिळावा, ही मागणी आपण वॉर्डावॉर्डांतून लावून धरली पाहिजे. वस्तीत गेलेल्या कार्यकर्त्याला पहिला प्रश्न ठरलेला असेल: तुमची मुले कोणत्या शाळेत जातात?