यंत्रमागांच्या गावात मुलांचे पुस्तक



भिवंडीत मुलांच्या पुस्तकांचा विषय काढला की प्रथम आठवतात ती गोदामे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेरचा हा तालुका व्यापाऱ्यांना सोयीचा वाटला आणि भातखाचरांच्या जागी कोठारे उभी राहिली. २०१७मध्ये जकात गेली. कोठारे मात्र वाढतच राहिली. मुंबईच्या सुखवस्तू घरांत जाणाऱ्या मालात मुलांच्या पुस्तकांची पार्सलेही याच रस्त्यांवरून जातात. कोठाराच्या भिंतीपलीकडे वीटभट्टीवर राहणाऱ्या कातकरी कुटुंबातल्या मुलाच्या किंवा यंत्रमागाच्या खडखडाटात झोपी जाणाऱ्या विणकराच्या मुलीच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे छापील पान सहसा पडत नाही. स्वतंत्र बालपुस्तक प्रकाशनाच्या वाढीचा विचार या विसंगतीपासूनच सुरू व्हायला हवा.

मराठीत असे प्रकाशन नाही असे नव्हे. १९५०मध्ये सुरू झालेल्या ज्योत्स्ना प्रकाशनाने बालसाहित्य आणि चित्रकलेचे शिक्षण देणारी पुस्तके ही दोन क्षेत्रे निवडली आणि तेथेच ठाम उभे राहिले. मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची पुस्तके याच संस्थेची आणि माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘बाबांच्या मिश्या’, ‘वाचू आनंदे’ ही पुस्तकेही तिचीच. चित्रकाराला ओळखणारा प्रकाशकच मुलांचे पुस्तक नीट काढू शकतो, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते. माधुरी पुरंदरे स्वतः लेखिकाही आहेत आणि चित्रकारही. निर्मला पुरंदरे यांनी उभ्या केलेल्या ‘वनस्थळी’च्या ग्रामीण बालवाड्यांच्या कार्याशी त्यांचा निकटचा संबंध राहिला. त्यांच्या पुस्तकांतील मूल उपदेशाचे पात्र नसते. ते रुसते, प्रश्न विचारते, मोठ्यांची फजिती करते. २०१६मध्ये टाटा न्यासाचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार प्रथमच दिला गेला, तेव्हा लेखनासाठी त्यांचीच निवड झाली.

परंतु अशा पुस्तकाचे अर्थशास्त्र कठीण असते. शब्द थोडे, चित्रे फार, कागद जाड, छपाई चार रंगांची. प्रती थोड्या काढल्या तर एकेक प्रत महाग पडते. अधिक काढल्या तर भांडवल गोदामात अडकते. त्यात विक्रेत्याचे कमिशन. आणि पालक पुस्तक हाती घेऊन पाने मोजतो व म्हणतो, “एवढ्याशा पुस्तकाला एवढे पैसे?” जाडीवरून पुस्तकाची किंमत करण्याची ही खोड केवळ पालकांची नाही, ग्रंथालयांच्या खरेदीतही ती दिसते.

स्वस्त पुस्तकाचा एक मार्ग आपल्या चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना चांगला ठाऊक आहे. सोव्हिएत रशियात छापलेली, अनिल हवालदार यांच्यासारख्यांनी मराठीत आणलेली देखणी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून व फिरत्या प्रदर्शनांतून नाममात्र किमतीत मिळत. कामगाराच्या घरातही ती असत. १९९१मध्ये ते राज्य कोसळले आणि पुस्तकांचा ओघही आटला. ती पुस्तके वाचून वाढलेली पिढी आजही हळहळते; पण मराठी मुलाचे वाचन परक्या सरकारच्या तिजोरीवर अवलंबून होते, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही.

दुसरा मार्ग २००४मध्ये ‘प्रथम बुक्स’ने धरला. साक्षरतेच्या मोहिमेतून मुले वाचू लागली, पण त्यांना वाचायला काही नव्हते. त्या गरजेतून ही ना-नफा संस्था जन्मली. एकच चित्रकथा अनेक भाषांत छापायची म्हणजे चित्रांचा खर्च वाटला जातो, हे तिचे साधे गणित. २०१५मध्ये ‘स्टोरीवीव्हर’च्या रूपाने तिने आपल्या कथा मुक्त परवान्याखाली सर्वांना खुल्या केल्या, कोणीही त्या उतरवून घ्याव्यात, भाषांतर करावे, छापाव्यात. देणग्यांवर चालणाऱ्या कामाला मर्यादा असतात, हे खरे. तरीही भिवंडीसाठी हे गणित फार मोलाचे आहे. येथे मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी मुले एकाच गल्लीत खेळतात; भट्टीवरच्या मुलाची बोली पुन्हा निराळी. ज्या गावाने १९७० आणि १९८४च्या दंगली पाहिल्या आणि १९९२-९३मध्ये मोहल्ला समित्यांच्या बळावर स्वतःला सावरले, त्या गावात एकच गोष्ट चार भाषांत हाती पडणे ही किरकोळ बाब नव्हे.

विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, तेव्हा शाळेने मुलाकडे जायचे हे तत्त्व रुजले. पुस्तकालाही तेच लागू आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. अनुदानाची व्यवस्था त्यात आहे. बालविभागासाठी चांगल्या चित्रपुस्तकांची ठरावीक खरेदी व्हावी, प्रकाशकाचे पैसे वेळेवर द्यावेत, असा आग्रह तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत धरला, तर लहान प्रकाशकाला आवृत्ती मोठी काढण्याचे धैर्य येईल आणि किंमत उतरेल. युनियनच्या कार्यालयात एक कपाट ठेवायला अनुदानाचीही वाट पाहावी लागत नाही. मात्र ते कपाट सकाळी अकरा ते पाच उघडून भागणार नाही. यंत्रमागावर बारा तासांच्या पाळ्या चालतात. पाळी सुटल्यावर बाप मुलीला घेऊन येऊ शकेल, अशाच वेळी ते उघडे असले पाहिजे.